हार्ड डिस्कचे यंत्रांतर

नादुरुस्त संगणकातील हार्ड डिस्क काढून ती दुसऱ्या संगणकात बसविणे आणि तीवरील माहिती नव्याने न भरता तशीच वापरात आणणे, या क्रियेला येथे यंत्रांतर म्हटले आहे. लॅपटॉपचा पडदा फुटला, त्याचा मदरबोर्ड जळाला किंवा त्यावर पाणी सांडले, तरी आतील हार्ड डिस्क पुष्कळदा शाबूत राहते. त्याच जातीचा दुसरा लॅपटॉप मिळवून चार स्क्रूंनी ती त्यात बसविली, की थांबलेले काम जेथल्या तेथून पुढे चालू होते, असा समज रूढ आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सु. वीस वर्षे तो बऱ्याच अंशी खराही होता. परंतु हा गुण हार्ड डिस्कच्या अंगी मुळापासून नव्हता आणि आजही तो सर्वत्र उरलेला नाही.

डिस्कवर असतात त्या केवळ चुंबकीय खुणा. त्या कोठे सुरू होतात, कोणत्या क्रमाने वाचायच्या, त्यांचा अर्थ कोणत्या नियमांनी लावायचा, हे ज्ञान स्वतंत्रपणे कोठे तरी असावे लागते. ते सगळे डिस्कबरोबर जात असेल, तर यंत्रांतर साधते. त्याचा थोडासा भाग जरी मोडक्या यंत्रात मागे राहिला, तरी निर्दोष डिस्क नव्या यंत्रात मुकी ठरते. यंत्रांतराचा इतिहास म्हणजे हे ज्ञान यंत्रातून डिस्ककडे आणि पुन्हा डिस्ककडून यंत्राकडे कसे सरकत गेले, याचा इतिहास होय.

अदलाबदलीच्या तबकड्या : हार्ड डिस्कचा पहिला व्यापारी अवतार म्हणजे आयबीएम या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केलेले ‘३५०’ हे साठवण यंत्र होय. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील प्रयोगशाळेत रेनल्ड बी. जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले व ‘३०५ रॅमॅक’ या संगणकाचा भाग म्हणून ग्राहकांना मिळू लागले. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दंडावर मिनिटाला १,२०० फेऱ्या या वेगाने फिरत आणि भुजा वरखाली सरकून हव्या त्या तबकडीपाशी जाई. एवढ्या खटाटोपातून ५० लाख अक्षरे साठविली जात. यंत्राचे वजन सु. एक टन होते व तबकड्या बाहेर काढून दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. संगणक अडला, की माहितीही त्याच्याबरोबर अडकून पडे.

यावर आयबीएमनेच ऑक्टोबर १९६२ मध्ये उपाय काढला. ‘१३११’ या धुलाईयंत्राएवढ्या साधनात सु. ३६ सेंमी. व्यासाच्या सहा तबकड्यांची एक चळत बसविलेली असे आणि ती झाकणासकट उचलून बाहेर काढता येई. तिचे वजन सु. ४·५ किग्रॅ. होते व तिच्या दहा पृष्ठांवर २० लाख अक्षरे मावत. एका संगणकावर लिहिलेली चळत दुसऱ्या ठिकाणच्या तशाच यंत्रावर ठेवून वाचणे हे यंत्रांतराचे पहिले रूप म्हणता येईल. यात स्थलांतर होई ते मात्र केवळ तबकड्यांचे. वाचन-लेखन शीर्षे आणि ती हलविणारी यंत्रणा मूळ जागीच राही. त्यामुळे एका यंत्राच्या शीर्षाने आखलेली मार्गिका दुसऱ्या यंत्राच्या शीर्षाला नेमकी सापडली पाहिजे, ही अट येऊन पडली. ती सांभाळण्यासाठी दुरुस्ती अभियंते खास आखलेली एक प्रमाण चळत बाळगत व तिच्या आधारे प्रत्येक यंत्राची शीर्षे जुळवून देत. शीर्षे किंचित सरकलेल्या यंत्रावर लिहिलेली चळत त्याच यंत्रावर बिनतक्रार वाचली जाई, इतरत्र मात्र वाचली जात नसे. दोष कोणाचा, लिहिणाऱ्या यंत्राचा की वाचणाऱ्या, हा वाद त्या काळच्या संगणक कक्षांत नेहमीचाच झाला होता.

याहून मोठा धोका दुसराच होता. तबकडीपासून अत्यल्प अंतरावर तरंगणारे शीर्ष तिच्यावर आदळले, तर तबकडीचा लेप खरवडला जाई. चळत बिघडली आहे की यंत्र, हे पाहण्यासाठी चालकाने ती दुसऱ्या यंत्रावर चढविली, की खरवडलेल्या पृष्ठावर आपटून त्या यंत्राचीही शीर्षे निकामी होत. आणि मग त्या यंत्रावर ठेवलेली चांगली चळतही खराब होई. एका कक्षातील सगळी यंत्रे अशा रीतीने साथीच्या रोगासारखी एकामागून एक बंद पडल्याच्या हकीकती जुने चालक सांगतात. खडखडणारी डिस्क निरनिराळ्या यंत्रांत घालून पाहू नये, हा आजच्या दुरुस्तीकारांचा नियम याच अनुभवाशी नाते सांगणारा आहे. फरक इतकाच, की आज त्यात यंत्राचा नव्हे, तर डिस्कचा नाश होतो. प्रत्येक वेळी वीज दिल्यावर जखमी शीर्ष तबकडी आणखी खरवडते.

१९७० मध्ये आलेल्या ‘३३३०’ या आयबीएम यंत्रात चळतीचे एक पृष्ठ केवळ स्थाननिश्चितीच्या खुणांसाठी राखून ठेवण्यात आले. शीर्षांची भुजा त्या खुणांचा मागोवा घेत स्वतःला सतत जुळवून घेई. मार्गिका कोठे आहेत हे ज्ञान, जे तोपर्यंत यंत्राच्या घडणीत होते, ते अशा प्रकारे तबकडीवर आले. पुढच्या सर्व प्रगतीची दिशा या छोट्याशा बदलात दिसते.

विंचेस्टर पद्धती : १९७३ मध्ये आयबीएमने ‘३३४०’ हे यंत्र बाजारात आणले. त्यातील स्थलांतरक्षम पेटीत तबकड्यांबरोबर शीर्षे आणि त्यांची भुजाही बंद केलेली होती. ज्या शीर्षाने लिहिले त्याच शीर्षाने वाचायचे असल्यामुळे जुळणीचा प्रश्न मुळातूनच मिटला. शिवाय पेटी बंद असल्याने धूळ आत जाईना व शीर्ष तबकडीच्या अर्ध्या मायक्रोमीटरहूनही जवळ तरंगू शकले. मूळ योजनेत ३० मेगाबाइटची दोन एकके होती. त्यावरून ‘३०–३०’ या प्रसिद्ध बंदुकीच्या काडतुसाची आठवण होऊन प्रकल्पप्रमुख केनेथ हॉटन यांनी त्याला ‘विंचेस्टर’ हे नाव दिले. प्रत्यक्ष पेट्या ३५ व ७० मेगाबाइटच्या निघाल्या, नाव मात्र चिकटले. १९८० च्या दशकात कोणत्याही हार्ड डिस्कला विंचेस्टर म्हणत. रशियन बोलीत तो शब्द अद्याप टिकून आहे.

१९७५ च्या ‘३३५०’ या यंत्रात आयबीएमने पेटी काढून नेण्याची सोयच सोडून दिली. धारणक्षमता वाढली होती आणि ती वाढण्याला स्थिर बांधणी सोयीची होती. स्थलांतराचे काम फिती व लवचिक चकत्या म्हणजे फ्लॉपी यांच्याकडे गेले. तथापि शीर्षे, तबकड्या व मोटर यांचे एकच बंद एकक ही कल्पना कायम राहिली. आज लॅपटॉपमधून काढतात ती हार्ड डिस्क म्हणजे त्याच बंद पेटीचे वंशज आहे.

नियंत्रकाचे स्थान : ॲलन शुगार्ट व फिनिस कॉनर यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या, पुढे सीगेट या नावाने प्रसिद्धी पावलेल्या कंपनीने १९८० मध्ये ‘एसटी-५०६’ ही सव्वापाच इंची हार्ड डिस्क विकायला काढली. तिच्यात ५ मेगाबाइट माहिती मावे आणि फ्लॉपीसाठी असलेल्या खाचेत ती बसे. तिची १० मेगाबाइटची आवृत्ती १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटी या संगणकात आली आणि हार्ड डिस्क संगणक कक्षातून टेबलावर पोहोचली.

या डिस्कचा मेंदू मात्र तिच्यात नव्हता. शीर्षाने उचललेले कच्चे स्पंद पट्टी-केबलीतून संगणकातील वेगळ्या नियंत्रक कार्डाकडे जात आणि त्यांचे अंकांत रूपांतर तेथे होई. प्रत्येक मार्गिकेचे खंड कसे पाडायचे, त्यांच्या सुरुवातीला कोणती खूण करायची, हे कार्ड ठरवी. एका प्रकारचे कार्ड मार्गिकेवर १७ खंड पाडी, तर नंतर आलेल्या दाट लेखन पद्धतीचे कार्ड त्याच मार्गिकेवर २६ पाडी. साहजिकच एका कार्डाने सिद्ध केलेली डिस्क दुसऱ्या कार्डाला कोरी किंवा बिघडलेली वाटे, आणि ती वापरायची तर पायाभूत आखणी पुन्हा करावी लागे, म्हणजेच सर्व माहिती पुसावी लागे. संगणक बंद पडल्यास शहाणा दुरुस्तीकार डिस्कबरोबर तिचे कार्डही उचलून नेई. ज्ञान आणि खुणा यांची फारकत किती महाग पडते याचे यापेक्षा सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक या संगणक कंपनीने वेस्टर्न डिजिटल व कंट्रोल डेटा यांच्या सहकार्याने नियंत्रक थेट डिस्कच्या अंगावरील मंडलफलकावर बसविला. ‘आयडीई’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही रचना १९९४ मध्ये ‘एटीए’ या नावाने अमेरिकेत प्रमाणित झाली. आता संगणकाने केवळ ‘अमुक खंड दे’ एवढेच सांगायचे. तो खंड तबकडीवर कोठे व कसा आहे हा डिस्कचा खासगी मामला झाला. खर्च वाचविणे व केबली कमी करणे हा या बदलामागचा हेतू होता, यंत्रांतर नव्हे. पण डिस्क एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेण्याचा आजचा परिपाठ वस्तुतः याच निर्णयातून जन्मला आहे.

याची एक दुसरी बाजूही लवकरच प्रत्ययास आली. नियंत्रक डिस्कवर आला, त्याबरोबर त्याचे आजारही आले. विजेच्या झटक्याने हा मंडलफलक जळाला, तर सुरुवातीस तशाच दुसऱ्या डिस्कचा फलक काढून लावला, की काम भागे. पुढे माहितीची घनता इतकी वाढली, की प्रत्येक डिस्कची शीर्षे कारखान्यातच मोजून त्यांचे बारीकसारीक गुणदोष त्या फलकावरील स्मृतिचिपमध्ये नोंदविणे भाग पडले. त्यामुळे नुसता फलक बदलून भागेना; जुन्या फलकावरील ती चिप काढून नव्यावर जोडावी लागू लागली.

लॅपटॉपमधील डिस्क : तोशिबा कंपनीच्या १९८५ मधील टी-११०० या लॅपटॉपमध्ये केवळ फ्लॉपी होती, १९८६ मधील टी-३१०० मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. स्कॉटलंडमधील रोडाइम कंपनीने १९८३ मध्ये साडेतीन इंची डिस्क तयार केली होती. लॅपटॉपला खऱ्या अर्थाने मानवणारी अडीच इंची डिस्क मात्र अमेरिकेतील प्रेअरीटेक कंपनीने १९८८ मध्ये आणली. तिची क्षमता २० मेगाबाइट होती. अडीच इंची हे नाव तबकडीच्या सु. ६५ मिमी. व्यासावरून पडले. डिस्कची रुंदी सु. ७० मिमी. व लांबी सु. १०० मिमी. ठरली. जाडी तेवढी क्रमाने घटत गेली : १९, १२·५, ९·५, ७ मिमी. १९९० मध्ये निर्मात्यांनी स्थापन केलेल्या एका समितीने ही मोजमापे, स्क्रूंच्या जागा व जोडणीचे स्थान निश्चित केले आणि कोणत्याही कंपनीची डिस्क कोणत्याही लॅपटॉपच्या कप्प्यात बसण्याचा मार्ग खुला झाला.

टेबलावरील संगणकाच्या डिस्कला ४० पिनांची जोडणी व वेगळी वीज लागे. लॅपटॉपच्या डिस्कला ४४ पिना असत. वाढीव पिनांतून ५ व्होल्ट वीज पुरविली जाई व पिनांमधील अंतरही २·५४ ऐवजी २ मिमी. होते. त्यामुळे लॅपटॉपची डिस्क मोठ्या संगणकाला लावण्यासाठी एक छोटा रूपांतरक पुरे. पुढे आलेल्या ‘साटा’ पद्धतीत हा भेद संपला आणि दोन्ही आकारांच्या डिस्कना एकाच घडणीची जोडणी आली. प्रत्येक लॅपटॉप कंपनी डिस्कला स्वतःची धातूची चौकट किंवा प्लॅस्टिकचे टोपण लावी. दुकानात नवा म्हणून आणलेला जुना लॅपटॉप पुष्कळदा या चौकटीशिवायच मिळे. तेव्हा मोडक्या लॅपटॉपमधून डिस्क काढताना तिची चौकट, जोडणीचा तुकडा आणि स्क्रू जपून ठेवावे लागत.

प्रत्यक्ष क्रिया सोपी आहे. वीज तोडून व बॅटरी काढून लॅपटॉपच्या तळाचे झाकण उघडतात, चौकटीचे स्क्रू काढून डिस्क जोडणीपासून सरळ रेषेत मागे ओढतात आणि नव्या यंत्रात उलट क्रमाने बसवितात. अंगावरील स्थितिक विद्युत् भाराने मंडलफलक बिघडू नये म्हणून आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावणे इष्ट असते. १९९२ मधील आयबीएम थिंकपॅड ७०० सी या लॅपटॉपमध्ये तर १२० मेगाबाइटची डिस्क वापरणाऱ्याला सहज काढता येईल अशीच बसविलेली होती. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) किंवा दिल्लीतील नेहरू प्लेस यांसारख्या बाजारपेठांत जुने सुटे भाग मिळण्याची सोय असल्याने हे काम तेथील छोट्या दुकानांतून सर्रास होऊ लागले. ज्याला दुसरा लॅपटॉप घेणे तूर्त परवडत नसे, तो डिस्क एका यूएसबी पेटीत घालून कोणत्याही संगणकाला जोडी. या पेट्यांतही क्वचित ज्ञान मागे राहण्याचा प्रकार घडतो : दोन टेराबाइटहून मोठ्या डिस्कचे खंड काही पेट्या संगणकाला निराळ्या मापाचे करून दाखवितात आणि मग पेटीतून काढून थेट जोडलेल्या त्याच डिस्कवरचे विभाग सापडत नाहीत.

पत्त्यांचा घोळ : डिस्कने आपली अंतर्गत रचना झाकून घेतली, तरी संगणकाचा बायॉस तिच्याशी जुन्या भाषेत, म्हणजे सिलिंडर, शीर्ष व खंड यांच्या आकड्यांत बोलत राहिला. १,०२४ सिलिंडर, १६ शीर्षे व ६३ खंड या मर्यादांमुळे सु. ५२८ मेगाबाइटच्या पलीकडील भाग दिसेना. ही भिंत ओलांडण्यासाठी निरनिराळ्या बायॉसनी खोट्या आकड्यांची निरनिराळी कोष्टके वापरली. एका बायॉसच्या कोष्टकाप्रमाणे लिहिलेली डिस्क दुसऱ्या बायॉसच्या संगणकात नेली, की विभागांच्या सीमा चुकत. खंडांना शून्यापासून सलग क्रमांक देण्याची पद्धत सार्वत्रिक झाल्यावर हा प्रश्न मिटला. मात्र क्रमांकासाठी २८ द्विमान अंकच राखल्याने १३७ गिगाबाइटची नवी भिंत उभी राहिली. २००२ च्या सुमारास ४८ अंकांची तरतूद झाली. त्यापूर्वीच्या संगणकात मोठी डिस्क बसविणे धोक्याचे होते. काही वेळा मर्यादेपलीकडे लिहिलेली माहिती डिस्कच्या आरंभावर येऊन आदळे व विभागसूचीच पुसली जाई.

परिचालन प्रणाली : माहिती वाचता येणे आणि त्या डिस्कवरून संगणक सुरू होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. डॉस ही जुनी प्रणाली यंत्राविषयी फारसे काही लक्षात ठेवत नसे. तिची डिस्क कोणत्याही सुसंगत संगणकात सुरू होई. विंडोज एनटी व तिच्यापासून निघालेल्या २००० व एक्सपी या आवृत्त्यांनी आपल्या यंत्रातील डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर नोंदवून ठेवलेला असे. निराळ्या नियंत्रकाच्या लॅपटॉपमध्ये डिस्क गेली, की प्रणाली अर्धवट सुरू होऊन निळ्या पडद्यावर ‘७बी’ हा दोषांक दाखवून थांबे. याचा अर्थ एवढाच, की प्रणाली जिच्यावर उभी आहे ती डिस्कच तिला दिसेनाशी झाली आहे. पुढे एकाच यंत्रात बायॉसमधील साटा नियंत्रकाची रीत बदलली, तरी हाच दोष येऊ लागला. म्हणून नव्या लॅपटॉपमध्ये ती रीत जुन्यासारखी ठेवणे ही पहिली तपासणी ठरली. याउलट लिनक्स प्रणालीच्या बहुतेक वितरणांत अनेक नियंत्रकांचे ड्रायव्हर आरंभीच बरोबर असल्याने ती यंत्रांतर सहज सोसते. विंडोजच्या ८ व १० या आवृत्त्यांनीही या बाबतीत मोठी मजल मारली.

२००१ मधील विंडोज एक्सपीपासून परवान्याचाही प्रश्न आला. प्रणाली यंत्राच्या घटकांवरून एक ओळखचिन्ह बनवी आणि ते फार बदलले, तर पुन्हा नोंदणी मागे. लॅपटॉपबरोबर स्वस्तात मिळालेला परवाना तर त्या लॅपटॉपपुरताच असे. यंत्र मेले, की कायद्याच्या दृष्टीने परवानाही मेला. ग्राहकाला वाटे आपण प्रणाली विकत घेतली आहे. प्रत्यक्षात त्याने ती एका विशिष्ट मदरबोर्डाच्या आयुष्यापुरती घेतलेली असे.

मराठी मुद्रणव्यवसायाला या फरकाची झळ विशेष लागली. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्री-लिपी किंवा पुण्यातीलच सी-डॅकची आयएसएम यांसारख्या आज्ञावल्यांच्या साहाय्याने जुळविला जाई. या पद्धतींत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी बसविलेले असत. बंद पडलेल्या संगणकाची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पानांच्या फायली उचलल्या, तरी तो अक्षरसंच तेथे नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग उमटे. अक्षरे सगळी होती, पण ती मराठी आहेत हे ज्ञान जुन्या प्रणालीत राहिले होते. म्हणून छापखान्यांना केवळ फायली पुरत नसत. जुनी प्रणाली, पेजमेकर व अक्षरसंच यांसह डिस्क जशीच्या तशी सुरू व्हावी लागे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला जागा होती आणि विंडोज २००० पासून प्रणालीत तिची सोय झाली. तरी जुन्या पद्धतीने जुळविलेली हजारो पुस्तके आजही रूपांतरकावाचून वाचता येत नाहीत.

यूईएफआय या नव्या आरंभप्रणालीत आणखी एक बारकावा आहे. कोणत्या विभागातील कोणत्या फायलीपासून सुरुवात करायची, ही नोंद डिस्कवर नसून मदरबोर्डाच्या स्मृतीत असते. डिस्क नव्या यंत्रात गेल्यावर ही नोंद तिच्याबरोबर जात नाही. ठरावीक नावाची राखीव फाइल डिस्कवर असेल, तर नवे यंत्र ती शोधून काढते. नसेल, तर ‘आरंभयोग्य डिस्क नाही’ असे सांगते.

कुलूप व किल्ली : यंत्रांतर जितके सुलभ, तितकी चोरीही सुलभ. लॅपटॉपचा पासवर्ड माहीत नसलेला चोर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावू शकतो, हे ध्यानात आल्यावर १९९७ च्या एटीए-३ प्रमाणकात डिस्कलाच पासवर्ड देण्याची तरतूद झाली. हा पासवर्ड डिस्कच्या अंतर्गत भागात राहतो. ती कोठेही नेली तरी कुलूप तिच्याबरोबर जाते. मायक्रोसॉफ्टच्या २००१ मधील एक्सबॉक्स या खेळयंत्राने हीच सोय वेगळ्या हेतूने वापरली. त्यातील डिस्कचा पासवर्ड त्या त्या यंत्राच्या स्मृतिचिपमधील मजकुरावरून बनत असे, त्यामुळे ती डिस्क इतर कोठेही उघडत नसे. डिस्क व यंत्र यांचे असे लग्न लावण्याचा हा प्रयोग तेव्हा अपवाद वाटला.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर सर्वसामान्य बाजारात आले. यात डिस्कवरील सर्व मजकूर कूटबद्ध होतो आणि त्याची किल्ली मदरबोर्डावरील टीपीएम या चिपच्या ताब्यात असते. आरंभीची सर्व अवस्था ओळखीची असेल, तरच चिप किल्ली देते. डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये गेली, तर तेथील चिपला ती किल्ली माहीत नसते. अशा वेळी ४८ अंकांची पुनःप्राप्ती किल्ली हाताने भरावी लागते. जाणूनबुजून ही व्यवस्था करणारे कार्यालय ते अंक जपून ठेवते. परंतु २०१३ मधील विंडोज ८·१ पासून काही लॅपटॉपमध्ये, आणि २०२४ मधील विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्याने प्रस्थापित केलेल्या बऱ्याच यंत्रांत, हे कूटबद्धीकरण आपोआप होऊ लागले. किल्लीची प्रत मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. आपल्या डिस्कला कुलूप आहे हेच पुष्कळांना यंत्र बिघडेपर्यंत ठाऊक नसते, आणि ते खाते कोणत्या पत्त्यावर उघडले होते हे तोवर विस्मरणात गेलेले असते. चोरापासून केलेल्या संरक्षणाचा पहिला बळी मालकच ठरावा, ही या व्यवस्थेतील गंभीर उणीव म्हटली पाहिजे.

ॲपल कंपनीने याहून एक पाऊल पुढे टाकले. २०१५ मधील १२ इंची मॅकबुक व २०१६ मधील टचबार असलेला मॅकबुक प्रो यांत साठवण चिपा मदरबोर्डावरच डाखल्या गेल्या. २०१८ च्या मॅकबुक प्रोमध्ये आलेल्या टी-२ या सुरक्षा चिपमुळे आणि २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या प्रक्रियकांमुळे त्यांतील मजकूर त्या विशिष्ट चिपमधील गुप्त किल्लीशी कायमचा बांधला गेला. साठवण चिपा काढून दुसऱ्या मदरबोर्डावर लावल्या, तरी त्या वाचता येत नाहीत. मजकूर हवा असल्यास तोच मदरबोर्ड दुरुस्त करावा लागतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या रॅमॅकप्रमाणे येथेही यंत्र व स्मृती यांची फारकत होत नाही, फक्त तेव्हा कारण वजनाचे होते.

इतर कंपन्यांच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये अद्याप एम·२ पद्धतीचा, बहुधा २२ मिमी. रुंद व ८० मिमी. लांब असा सुटा साठवण फलक असतो आणि तो एका स्क्रूने निघतो. बाह्यरूपाने सारखे दिसणारे हे फलक साटा व एनव्हीएमई अशा दोन भिन्न भाषा बोलतात. काही लॅपटॉपच्या खाचेत दोन्ही चालतात, काहींत एकच. म्हणून बदली लॅपटॉप निवडताना त्याची खाच कोणती भाषा जाणते हे आधी पाहावे लागते, आणि जुना लॅपटॉप अजून सुरू होत असेल, तर डिस्क काढण्यापूर्वी तिचे कूटबद्धीकरण थांबवून किंवा ४८ अंक कागदावर उतरवून घेऊन मगच स्क्रूला हात लावतात.